डोळ्यात गेलेला लोकरीचा धागा

लोकरीचा एक तंतू हातावर पडला तर कळतही नाही. तोच डोळ्यात गेला की माणूस कासावीस होतो. जाणत्या माणसाचं मन डोळ्यासारखं असतं, असं पतंजलींच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात, म्हणजे त्यांवरच्या जुन्या टीकेत, म्हटलं आहे. इतरांच्या लक्षातही न येणारं दुःख त्याला खुपतं.

हा दृष्टांत साधनपादाच्या, म्हणजे योगसूत्रांच्या दुसऱ्या भागाच्या, १५व्या सूत्राखाली येतो. तिथंच भाष्यकार थेट वैद्यकाकडे वळतात. चिकित्साशास्त्राची चार अंगं असतात: रोग, रोगाचं कारण, आरोग्य आणि औषध. योगशास्त्रही तसंच चार अंगांचं आहे, असं ते सांगतात. त्यामुळे ‘योग हा मनावरचा उपचार’ ही कल्पना आजकालची आहे, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. ती मूळ परंपरेतच लिहिलेली आहे.

तिची मुळं त्याहून जुनी आहेत. बुद्धांची चार आर्यसत्यं याच साच्यातली: दुःख, त्याचं कारण, त्याचा निरोध म्हणजे शेवट, आणि त्या निरोधाचा मार्ग. सांख्यदर्शनाचा ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेची सुरुवातच तीन प्रकारच्या दुःखांच्या आघातापासून होते. गीतेचा सहावा अध्याय तर दुःखाशी जडलेला संबंध तुटणं यालाच योग म्हणतो.

पतंजलींनी त्या १५व्याच्या पुढच्याच सूत्रात तीन शब्दांत नेम धरला: ‘हेयं दुःखमनागतम्’. जे दुःख अजून आलेलं नाही, ते टाळायचं. झालेलं भोगून संपलं, चालू आहे ते भोगावंच लागतं. हाती उरतं ते पुढचं. इतकं व्यवहारी वाक्य दर्शनग्रंथांत मी तरी दुसरं वाचलेलं नाही. कारणही त्यांनी नेमकं सांगितलं आहे. अविद्या म्हणजे अज्ञान, अस्मिता म्हणजे मीपणा, राग म्हणजे आसक्ती, द्वेष आणि अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, हे पाच क्लेश. त्यांतली अविद्या ही बाकीच्या चारांची जमीन.

लक्षणंही ओळखीची आहेत. चित्त विखुरलं की दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास हे सोबतच येतात, असं समाधिपाद, म्हणजे योगसूत्रांचा पहिला भाग, सांगतो. काळजीनं रात्री झोप उडालेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. उपायांत मग श्वास येतो, आणि त्याच्याही आधी सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा.

मराठीत हा धागा नाथपंथातून आला. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यास लोकांच्या बोलीत उलगडला. पुढे हठयोगाच्या प्रभावानं आसनांना महत्त्व आलं आणि मनाचा भाग बराच मागे पडला. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, तो शरीरावरच्या परिणामांपासून. संस्थेचं नाव मात्र त्यांनी कैवल्यधाम ठेवलं. कैवल्य म्हणजे मोक्ष: भाष्यातल्या त्या चार अंगांपैकी तिसरं, आरोग्याच्या जागी येणारं.