कोकमाचे आगळ आणि अंडाशयाचा कर्करोग

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या अंगणांत आमसुले वाळत पडली की 'रोज आगळ घ्या, अंडाशयाची गाठ विरघळते' हा जुना निरोप पुन्हा मोबाईलवर फिरू लागतो. तो खरा नाही.

आगळ गाळताना बोटांवर चढणारा जांभळट लाल रंग अँथोसायनिन या फ्लेव्होनॉइडचा (वनस्पतींतील नैसर्गिक संयुगांच्या एका कुळातील घटकाचा) असतो; कांद्यातील क्वेर्सेटिनही त्याच कुळातले. प्रयोगशाळेत क्वेर्सेटिनने अंडाशयाच्या कर्करोगपेशींची वाढ रोखल्याचे दिसले आहे, परंतु तेथे पेशींवर थेट घातलेली मात्रा आणि आतडे व यकृत यांनी रूप पालटल्यावर रक्तात उरणारी मात्रा यांत फार मोठे अंतर असते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७२,००० अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात फ्लेव्होनॉल आणि फ्लेव्हॅनोन हे फ्लेव्होनॉइडचे दोन प्रकार आहारातून अधिक घेणाऱ्यांना हा रोग काहीसा कमी झाल्याचे आढळले. पण ते निरोगी स्त्रियांच्या आहाराचे निरीक्षण होते, रुग्णांवरील उपचार नव्हे.

सोलकढी जेवणात अवश्य असावी. मात्र तिच्या भरवशावर शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी लांबवणे जिवावर बेतू शकते, म्हणूनच हे कळकळीने लिहीत आहे. पोट सतत फुगणे, दोन घासांतच पोट भरणे, ओटीपोट दुखणे, वारंवार लघवीला लागणे अशी लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.