पहिल्यांदा बँकॉकला निघालेल्या आमच्या मंडळींसाठी

नमस्कार मंडळी,

बुकिंग झालं, पासपोर्टच्या कॉप्या जमा झाल्या, आणि आता रोज संध्याकाळी ऑफिसला फोन येतात की तिकडे जेवायचं काय, पैसे किती घ्यायचे, भाषेचं कसं जमणार. सांगलीतून जाणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांचा हा पहिलाच परदेश प्रवास असतो, तेव्हा हे प्रश्न येणारच. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलंय. घरातल्या प्रत्येकाने निघायच्या आधी एकदा तरी वाचा आणि प्रिंट हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत टाकलीत तर लागेल तेव्हा सापडणार नाही.

कागदपत्रं

पासपोर्ट किमान ६ महिने व्हॅलिड हवा. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलंय, ते पोचायच्या आधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते पूर्ण फुकट आहे. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स आहेत त्यामुळे स्वतः गुगल करून भरायला जाऊ नका, आम्ही सगळ्यांचं भरून प्रिंट देतो, त्याचा वेगळा चार्ज नाही. व्हिसाचे नियम मधेमधे बदलतात म्हणून ते इथे छापत नाही, तुमच्या तारखेला जो नियम लागू असेल तो आम्ही ग्रुपवर टाकू आणि फोन करूनही सांगू. रिटर्न तिकीट आणि हॉटेल बुकिंगची प्रिंट इमिग्रेशनला हातात असू द्या. आणि कुणाकडे ई-सिगारेट असेल तर ती घरीच ठेवा, तिकडे तिच्यावर बंदी आहे, दंड-शिक्षा दोन्ही होऊ शकते.

पहिला दिवस मोकळा का ठेवलाय

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दुसऱ्या टूरवाल्यांच्या यादीत पहिल्याच दिवशी चार ठिकाणं असतात आणि तुमच्या यादीत काहीच नाही, एवढे पैसे भरून दिवस वाया का घालवायचा? वाया नाही जात हो. मुंबईहून विमान साडेचार तासांच्या आसपास लागतं, रात्री निघून पहाटे-सकाळी उतरता, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे झोप जेमतेम दोन-तीन तास झालेली असते, रूम दुपारी मिळते आणि बाहेर मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम. अशा वेळी देवळाच्या पायऱ्या चढायला लावल्या की दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात आणि उरलेली ट्रिप नुसती बसमध्ये बसून होते, हे आम्ही सुरुवातीच्या ग्रुपांमध्ये डोळ्यांनी पाहिलंय आणि तेव्हापासून बदललं. पहिल्या दिवशी आंघोळ करा, झोपा, संध्याकाळी हॉटेलच्या गल्लीत एक चक्कर मारा, सेव्हन-इलेव्हनमधून पाण्याच्या बाटल्या घ्या (नळाचं पाणी पिऊ नका), बास.

एअरपोर्ट

एअरपोर्टचं नाव सुवर्णभूमी, स्पेलिंग बघून गोंधळू नका, आपलाच शब्द आहे. परत येताना इमिग्रेशन झाल्यावर समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा आहे, कासवावर पर्वत, वर विष्णू, एका बाजूला देव आणि एका बाजूला असुर वासुकीला धरून ओढतायत. आपली माणसं तो बघून थबकतातच, तर तेवढी दहा मिनिटं हातात ठेवा.

आमची गाडी न्यायला येते. पण तुम्ही फक्त विमान-हॉटेल पॅकेज घेतलं असेल तर सामान कमी असल्यास रेल लिंकने (एअरपोर्टहून शहरात जाणारी ट्रेन) फया थाई स्टेशनपर्यंत या, तिथून स्कायट्रेन म्हणजे पुलावरून धावणारी शहरातली ट्रेन मिळते. टॅक्सी केलीत तर मशीनमधून नंबरची चिठ्ठी घ्या, मीटर टाकायला सांगा, मीटरवर ५० बाट (बाट म्हणजे तिकडचं चलन) एअरपोर्टचे जादा आणि टोल वेगळा, हे तिथे सगळ्यांनाच द्यावं लागतं.

राजवाडा आणि देवळं

ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट ५०० बाट, आणि आपण उघडतानाच तिथे असतो कारण दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सहन होत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस, फुल पँट एकदम चालतं; बर्मुडा, स्लीव्हलेस, फाटकी जीन्स यावर गेटवरूनच परत पाठवतात. आत वाट फ्रा केओ म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे (तिकडे देवळाला "वाट" म्हणतात), मूर्ती प्रत्यक्षात जेडची आणि उंचीला दोन फुटांच्या थोडी वर, पण मान तिला सगळ्या देशात. उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तीन पोशाख आहेत तिचे आणि ऋतू बदलला की राजा स्वतः ते बदलतो. देवळाच्या भोवतालच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, तिकडे त्याला रामकियन म्हणतात. लोक घाईत फोटो काढून पुढे जातात, तसं करू नका, नातवंडं बरोबर असतील तर हनुमान शोधायला सांगा, पांढरा रंगवलेला असतो, एकदा ओळखला की पोरं प्रत्येक भिंतीवर शोधत सुटतात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. राजवाड्याच्या आसपास चांगले कपडे घातलेला, गोड बोलणारा माणूस येऊन सांगेल की आज राजवाडा बंद आहे, दुपारी उघडेल, तोपर्यंत या टुकटुकने (तिकडची रिक्षा) २० बाटमध्ये फिरून या. ऐकू नका. आमचं एक जोडपं असंच ग्रुपपासून मागे पडलं होतं, टुकटुकवाल्याने त्यांना रत्नांच्या दुकानात नेऊन बसवलं, बिचारे दोन तासांनी परत आले, वहिनी रडवेल्या झालेल्या. पैसे गेले नाहीत पण दिवस गेला. बंद आहे की उघडा आहे हे फक्त गेटवर जाऊन विचारायचं.

तिथून चालत वाट फो. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, एका फोटोत मावत नाही, म्हणून आधी डोळे भरून बघा. तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं जडवलीत. मूर्तीच्या मागच्या बाजूला भिंतीलगत १०८ काशाची भांडी ओळीने मांडलेली असतात, थोडे पैसे देऊन सुट्ट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि प्रत्येकात एकेक नाणं टाकत पुढे जायचं. मागच्या वेळी आमच्या ग्रुपमधल्या एक काकू, वय ७१, चपला पिशवीत, वाटी पदराशी धरलेली, हळूहळू शेवटच्या भांड्यापर्यंत गेल्या. सगळ्या हॉलमध्ये ती टण टण टण एवढीच लय चालू होती. शेवटी चार नाणी उरली तर म्हणाल्या मोजताना कुठे चुकले की काय, आणि पुन्हा पहिल्यापासून बघत आल्या, कोणतं भांडं राहिलं ते. अशा जागी आम्ही घड्याळ दाखवत नाही.

समोरच ता तियनचा धक्का, तिथून होडीने पाच मिनिटांत चाओ फ्राया नदीपलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे आपला सूर्याचा सारथी. चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून ते शिखर सजवलंय, जवळ गेल्याशिवाय कळत नाही. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी खालीच सावलीत बसा, खालूनही छान दिसतं.

फिरायचं कशाने

बँकॉकचा ट्रॅफिक पुण्याचा विसर पाडेल असा आहे, संध्याकाळी तर टॅक्सी जागची हलत नाही. म्हणून आम्ही शहरात जमेल तिथे स्कायट्रेन, मेट्रो आणि नदीची बोट वापरतो. मेट्रोचं सनम चाय स्टेशन वाट फोच्या अगदी जवळ आहे आणि आतून एखाद्या दरबारासारखं सजवलंय. सियाम स्टेशनला स्कायट्रेनच्या दोन्ही लाइन मिळतात, चुकलात तर तिथे या, आम्ही शोधतो. चतुचक बाजाराला जायचं असेल तर शनिवार-रविवारी, मो चित स्टेशनला उतरून. टॅक्सी बोलवायचं ग्रॅब ॲप भारतातूनच डाउनलोड करून ठेवा.

जेवण

शाकाहारी मंडळींनी हे दोनदा वाचा. तिकडे भाज्यांचं आहे म्हटलं तरी त्यात माशाचं सॉस असतं, त्याला नाम प्ला म्हणतात, आणि करीत बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट. कच्च्या पपईचं सोम तम आपल्या कोशिंबिरीसारखं दिसतं पण त्यातही सुकी कोळंबी पडते. नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. "किन जे" म्हणा, म्हणजे "जे" पद्धतीचं खातो. पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी १७ सारखं दिसणारं अक्षर असेल तिथे हे मिळतं, त्यात मांस-मासे-अंडी नाहीत आणि कांदा-लसूणही नाही, आमच्या जैन ग्राहकांना याचा फार उपयोग झालाय. रात्रीचं जेवण आपण भारतीय हॉटेलात ठेवलंय. चिवडा, खाकरा, मेतकूट सीलबंद आणा. आंब्याच्या सीझनला जात असाल तर नारळाच्या दुधातल्या चिकट भातावर आंबा ठेवून देतात तो खाऊन बघाच, आमरसवाल्या माणसालाही पटतो.

रीतभात

राजा आणि राजघराण्याबद्दल एक शब्दही वाकडा नको, गमतीतही नको, फोनवरही नको, कायद्याने १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोटेवर राजाचं चित्र असतं म्हणून नोट पडली तर पायाने अडवू नका. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, आपणही थांबायचं. बुद्धासमोर बसताना पाय मागे घ्या. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करायचा नाही. बाकी हात जोडून "सवादी" म्हटलं की काम होतं, तो शब्द आपल्या स्वस्तिवरूनच आलाय, भाषेची भीती बाळगू नका.

पैसे

थोडे बाट इथूनच घ्या, बाकीचे शहरातल्या एक्स्चेंजवर, एअरपोर्टवर रेट कमी मिळतो. परदेशी कार्डाने एटीएममधून काढलेत तर दर वेळी दोनशेच्या वर बाट चार्ज लागतो, म्हणून सारखे सारखे थोडे काढू नका.

निघायच्या दिवशी मुंबईची गाडी ऑफिससमोरून दुपारी २ ला निघेल, पुढे घाटात किती वेळ जाईल सांगता येत नाही म्हणून थांबणार नाही. रोजची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत घ्या, आणि ज्यांनी अजून ब्लड ग्रुप आणि घरच्यांचा नंबर दिला नाही त्यांनी उद्या द्या.