सर्व्हर चालू आहे, तरी ४०४ का येतं?

टॉमकॅटवरचं (जावा ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवरचं) ज्यांचं जावा ॲप्लिकेशन आम्ही सांभाळतो, त्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या डेव्हलपर मंडळींसाठी

"साइट बंद पडलीय, जरा बघा" असा फोन आला की आम्ही उलट विचारतो: पान उघडतच नाही, की ४०४ दिसतंय? बहुतेकदा उत्तर '४०४' असतं. मग साइट बंद नाही. बंद सर्व्हर ४०४ सुद्धा देत नाही; ब्राउझर नुसता फिरत बसतो, नाहीतर जोडणी झाली नाही म्हणून सांगतो. ४०४ आलं म्हणजे तुमची विनंती कुणापर्यंत तरी पोचली आणि 'या पत्त्यावर माझ्याकडे काही नाही' असं उत्तर मिळालं. म्हणून "एकदा रीस्टार्ट मारा ना" याला आम्ही लगेच हो म्हणत नाही. काही ग्राहकांना हा आडमुठेपणा वाटतो. पण पत्ता चुकलेला असेल तर रीस्टार्टनंतरही तो चुकलेलाच राहणार, आणि मधल्या मध्ये काउंटरवर कुणाची अर्धी भरलेली पावती उडणार.

उत्तर कुणी दिलं हे ४०४ च्या पानाच्या तळाशी बघा. तिथे 'एनजिनएक्स' (टॉमकॅटच्या पुढे बसवलेला वेब सर्व्हर) असेल तर विनंती टॉमकॅटपर्यंत गेलेलीच नाही. ते आमच्याकडचं काम, सरळ फोन करा. 'टॉमकॅट' असेल तर पुढचं वाचा.

(खालची नावं आणि पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. सर्व्हरवर ते इंग्रजी अक्षरांतच असतात.)

वॉर फाइलचं नाव हाच पत्ता

वॉर म्हणजे अख्खं ॲप्लिकेशन बांधून ठेवलेली एक फाइल. टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये 'हिशेब.वॉर' टाकली की ॲप्लिकेशन '/हिशेब' या पत्त्यावर उघडतं. हा पहिला तुकडा, म्हणजे काँटेक्स्ट पाथ, टॉमकॅट फाइलच्या नावावरूनच ठरवतो. तुमच्या कोडमध्ये काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. डेव्हलपर दुरुस्ती करतो, मेव्हन या साधनाने बिल्ड करतो, म्हणजे कोडची वॉर बनवतो, आणि फाइल तयार होते 'हिशेब-१.४.वॉर'. ती तशीच चढवली की नवीन ॲप्लिकेशन '/हिशेब-१.४' वर जाऊन बसतं. ऑफिसातली मंडळी मात्र रोजच्या बुकमार्कवरून '/हिशेब' उघडतात. जुनी फाइल काढून टाकलेली असेल तर त्यांना ४०४ मिळतं. जुनी तिथेच असेल तर प्रकरण आणखी वाईट, कारण कुणालाच काही कळत नाही. जुनं ॲप्लिकेशन जुन्या पत्त्यावर, नवीन नव्या पत्त्यावर, दोन्ही एकाच डेटाबेसला जोडलेली, आणि रात्री ठरलेल्या वेळी चालणारी कामं दोन्हीकडून होतात. पतसंस्थेच्या सभासदाला हप्त्याची आठवण देणारा एसएमएस दोनदा गेला की समजावं, वेबॲप्समध्ये दोन वॉर आहेत.

नाव बदलण्याच्या तऱ्हाही अनेक. मेलमधून फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर तिला 'हिशेब (१).वॉर' करतो. कुणी मागे 'फायनल' जोडतं, मग 'फायनल-नवीन'. कुणी पहिलं अक्षर कॅपिटल करतं; विंडोजच्या सवयीने त्यात काही वावगं वाटत नाही, पण टॉमकॅटला हे दोन वेगळे पत्ते आहेत. नुसत्या डोमेनवर ॲप्लिकेशन उघडायला हवं असेल तर फाइलचं नाव 'रूट', आणि तेही चारही अक्षरं कॅपिटल. लहान अक्षरांत लिहिलं तर '/रूट' नावाचा एक नवाच पत्ता तयार होतो आणि डोमेनवर पूर्वीचंच काहीतरी दिसत राहतं.

"मग काँटेक्स्ट.एक्सएमएलमध्ये पाथ लिहून टाकू" असं काही डेव्हलपर म्हणतात. वॉरच्या आत, मेटा-इन्फ फोल्डरमधल्या त्या सेटिंगच्या फाइलीत पाथ लिहून उपयोग नाही, टॉमकॅट तिकडे बघतच नाही. टॉमकॅटच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलीत, सर्व्हर.एक्सएमएलमध्ये, लिहिता येतो, पण त्याच वेळी वॉर वेबॲप्समध्ये असली तर ॲप्लिकेशन दोनदा चढतं आणि एसएमएसची गोष्ट पुन्हा सुरू.

आवृत्तीचा आकडा नावात हवाच असेल तर त्याची सोय टॉमकॅट ७ पासून आहे: 'हिशेब##००४.वॉर'. दोन हॅशनंतरचा भाग पत्त्यात येत नाही. जे आधीपासून लॉगिन आहेत ते जुन्या आवृत्तीवर काम पुरं करतात, नवे येणारे नव्या आवृत्तीवर जातात. फक्त आकड्याच्या आधी शून्यं लावा. टॉमकॅट आवृत्ती अक्षरं म्हणून वाचतो, त्यामुळे त्याच्या लेखी '१०' पेक्षा '९' मोठा असतो. एकच हॅश दिलात तर तो पत्त्यात तिरकी रेघ होतो, म्हणजे 'हिशेब#शाखा.वॉर' हे '/हिशेब/शाखा' वर उघडतं. ही पद्धत बसवून हवी असेल तर सांगा, वार्षिक देखभाल करारातल्या ग्राहकांना त्याचे वेगळे पैसे नाहीत.

लॉगिनचं पान दिसतं, बटण दाबलं की ४०४

हाही त्याच पहिल्या तुकड्याचा घोळ, फक्त या वेळी कोडमध्ये. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये (बटण दाबल्यावर माहिती ज्या पत्त्यावर जाते तिथे) '/लॉगिन' असं लिहिलेलं असतं. सुरुवातीला तिरकी रेघ आली की ब्राउझर डोमेनपासून मोजायला लागतो आणि '/हिशेब' गळून पडतं. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर ॲप्लिकेशन थेट लोकलहोस्टच्या ८०८० पोर्टवर, पत्त्यात '/हिशेब' नसताना उघडतं, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत. मग "आमच्याकडे चालतंय, तुमच्या सर्व्हरचाच प्रॉब्लेम आहे" हे वाक्य आम्हाला ऐकवलं जातं.

त्यावर आम्ही वाद घालत नाही, ॲक्सेस लॉगमधल्या (आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदीतल्या) लागोपाठच्या दोन ओळी पाठवतो. पहिली: गेट (पान मागितलं) '/हिशेब/लॉगिन', २०० (मिळालं). दुसरी: पोस्ट (फॉर्म पाठवला) '/लॉगिन', ४०४. दुसऱ्या ओळीत 'हिशेब' नाही, बाकी बोलायला काही उरत नाही. दुरुस्ती सोपी आहे. जेएसपीत, म्हणजे सर्व्हरवर तयार होणाऱ्या पानांच्या फाइलींत, पत्ते हाताने लिहू नका. विनंतीकडून काँटेक्स्ट पाथ मागून पुढे जोडा किंवा जेएसटीएल या जेएसपीच्या टॅगसंग्रहातला यूआरएल टॅग वापरा. जावास्क्रिप्टमधल्या एजॅक्सच्या (पान न बदलता मागच्या मागे जाणाऱ्या विनंत्यांच्या) पत्त्यांवरही नजर टाका, ते नेहमी राहून जातात.

सर्व्हलेट मॅपिंग

सर्व्हलेट म्हणजे विनंतीला उत्तर देणारा जावा कोड, आणि कोणता पत्ता कोणत्या सर्व्हलेटकडे जायचा ते ठरवणं म्हणजे मॅपिंग. पत्त्याचा हा उरलेला भाग तुमच्या वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीच्या नाहीतर कोडमधल्या ॲनोटेशनच्या (क्लासवर लिहिलेल्या खुणेच्या) हातात असतो. टॉमकॅट आधी तंतोतंत जुळणारा पत्ता बघतो, मग '/काहीतरी/*' या जातीतला सर्वांत लांब जुळणारा, मग '*.जेएसपी' सारखं एक्स्टेन्शन, आणि काहीच जुळलं नाही तर '/'. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या डिस्पॅचरला (सगळ्या विनंत्या घेऊन योग्य कंट्रोलरकडे, म्हणजे ती हाताळणाऱ्या कोडकडे, देणाऱ्या सर्व्हलेटला) '/*' वर बसवलं की तो जेएसपीच्याही आधी हात पुढे करतो. कंट्रोलर जेएसपीकडे फॉरवर्ड करतो, ते फिरून डिस्पॅचरकडेच येतं, त्याला त्या नावाचा कंट्रोलर सापडत नाही आणि ४०४ येतं. तिथे फक्त '/' हवं. ते केल्यावर चित्रं आणि सीएसएस अडकली तर स्प्रिंगमध्ये त्यांची वाट वेगळी सांगावी लागते.

पॅटर्नच्या सुरुवातीची तिरकी रेघ विसरली, किंवा एकच पॅटर्न दोन सर्व्हलेटना दिला, तर अख्खं ॲप्लिकेशनच उठत नाही आणि प्रत्येक पानावर ४०४ येतं. कॅटलिना लॉगमध्ये, म्हणजे टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये, त्याचं कारण मिळतं. तिथे नुसतं 'लिसनर (ॲप्लिकेशन उठताना चालणारा कोड) सुरू झाला नाही' एवढंच असेल तर खरी हकीकत लोकलहोस्ट नावाच्या त्या दिवसाच्या लॉगमध्ये असते. ती फाइल फार कमी जण उघडतात.

टॉमकॅट १० बद्दल वेगळं सांगायला हवं. तिथे 'जावाएक्स' ने सुरू होणारी सर्व्हलेटची पॅकेजं 'जकार्ता' झाली. जुनं ॲप्लिकेशन तसंच उचलून ठेवलं की साधी एचटीएमएल पानं उघडतात, पण ॲनोटेशनने मॅप केलेले सर्व्हलेट टॉमकॅटला दिसतच नाहीत, आणि बऱ्याचदा लॉगमध्येही एरर नसतो. मॅपिंग दहादा तपासून काही हाती लागत नाही. अशा ॲप्लिकेशनला टॉमकॅट ९ वर ठेवावं, नाहीतर रूपांतर करून घ्यावं. ते आम्ही करून देतो. टॉमकॅट ८.५ चा अधिकृत आधार ३१ मार्च २०२४ ला संपला. अजून त्यावर असाल तर हा विषय तुमच्याकडे येणारच आहे, घाईत करण्यापेक्षा आत्ताच बोलून ठेवू.

आमच्याकडे कळवताना

स्क्रीनचा फोटो आला की त्यात नेमकी वरची पत्त्याची पट्टी कापलेली असते. पूर्ण पत्ता कॉपी करून मजकूर म्हणून पाठवा, सोबत वेळ लिहा आणि शेवटची वॉर कधी, कुणी चढवली तेही. वेळ कळली की लॉगमधली ओळ काढायला चहा संपायच्या आत होतं. नाहीतर दिवसभराचा लॉग चाळत बसावं लागतं आणि त्या तासांचं बिल तुम्हालाच जातं.

चालू सर्व्हरच्या वेबॲप्समध्ये आम्ही ग्राहकांना थेट लिहू देत नाही, यावर कुरबुर होते हे माहीत आहे. कारण वर आलंच आहे. वॉर चाचणी सर्व्हरवर चढवा, तिथे तुम्हाला पूर्ण मुभा आहे. काँटेक्स्ट पाथ तिथेही तोच ठेवलाय, म्हणजे फॉर्ममधली तिरकी रेघ तिथेच उघडी पडते. तुम्ही 'ठीक' कळवलंत की नाव तपासून, आधीची वॉर बाजूला ठेवून आम्ही ती चालू सर्व्हरवर नेतो. काही बिघडलं तर जुनी परत बसवता येते.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष निर्यातदारांचे सर्व्हर जानेवारी ते मार्चमध्ये आणि पतसंस्थांचे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नवीन वॉरसाठी उघडत नाही, अगदीच अडलेली दुरुस्ती असेल तर गोष्ट वेगळी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी आपल्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस सांगून ठेवावा, त्या दिवशी सकाळी चढवू. फाइल आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाचणी सर्व्हरवर असली पाहिजे.