खरखर गिअरची, दोष क्लचचा

मॅन्युअल गिअरच्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर टाकताना हाताला अडथळा जाणवू लागला, किंवा ‘खर्र’ असा आवाज आला, की पहिला संशय गिअरबॉक्सवर जातो. वास्तविक या तक्रारीचे मूळ पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचमध्ये असते, आणि गिअरबॉक्स उतरवणे हे खर्चाचे व किचकट काम असल्यामुळे हे मूळ आधी ओळखलेले बरे.

आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची चक्रे कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात; गिअर टाकणे म्हणजे त्यांपैकी एका चक्राला शाफ्टशी जखडणे. त्यासाठी दोघांचे वेग जुळावे लागतात आणि ते काम सिंक्रोनायझर करतो. त्याची कडी, बहुधा पितळेची, चक्राच्या शंकूवर घासते, वेग समान होईपर्यंत दातांना अडवून धरते आणि मगच वाट मोकळी करते. कॅडिलॅकने 1928 साली ही सोय आपल्या मोटारींत आणली. तोवर वेग जुळवणे हे चालकाच्या कानाचे आणि पायाचे कसब होते.

दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टचे फेरे, 2 आणि तिसऱ्याचे 1.4 धरू. इंजिन मिनिटाला 7000 फेरे घेत असताना गिअर बदलला, तर इनपुट शाफ्ट 4900 फेऱ्यांवर यावा लागतो. म्हणजे 2100 फेऱ्यांचा फरक त्या लहानशा कडीने क्षणभरात घर्षणाने मिटवायचा असतो. हाच बदल 3500 फेऱ्यांवर केला तर फरक निम्मा होतो, पण निर्माण होणारी उष्णता फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती एक चतुर्थांशच राहते. इंजिन वरच्या फेऱ्यांत चालवण्याची हौस सिंक्रोनायझरला महाग पडते ती यामुळे.

क्लच पूर्ण सुटला असेल तर कडीला फक्त इनपुट शाफ्ट, क्लच प्लेट आणि त्यांना जोडलेली चक्रे यांचाच वेग बदलावा लागतो. तो अर्धवट सुटला, तर फ्लायव्हीलसकट (इंजिनाच्या टोकाचे जड चाक) सगळे इंजिन तिच्या गळ्यात पडते. पेडल पूर्ण दाबल्यावरही, क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट जेमतेम एखाद-दीड मिलिमीटर मागे सरकते; त्यामुळे पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणाऱ्या द्रवाच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला किंवा सिलिंडरचे सील झिजले, तरी तेवढी फट नाहीशी होऊ शकते.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि इंजिन सुरू करून क्लच दाबल्यावर तेच गिअर अडतात, तर बोट क्लचकडे दाखवावे. रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसलेल्या गाडीत याहून स्पष्ट उत्तर मिळते: गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये क्लच दाबून दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा, तरीही खरखर झाली, तर क्लच प्लेट अजून फिरते आहे. पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडू लागला, तर दोष बहुधा द्रवाच्या यंत्रणेत असतो. हा द्रव, म्हणजे बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइलच, हवेतला ओलावा शोषतो. डॉट 4 प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. त्यामुळे क्लचच्या द्रवाची नळी सायलेन्सरच्या नळीजवळून जात असेल, तर द्रव उकळून त्यात बुडबुडे होऊ शकतात आणि तक्रार नेमकी गाडी तापल्यावर सुरू होते.

एकच गिअर खरखरत असेल आणि न्यूट्रलमध्ये क्षणभर क्लच सोडून पुन्हा दाबल्यावर, म्हणजे ‘डबल क्लच’ केल्यावर, तो गुपचूप पडत असेल, तर मात्र त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजला आहे असे समजावे. गाडी थंड असतानाच गिअर जड जात असेल, तर आधी गिअर ऑइल पाहावे. ‘जास्त दर्जाचे’ म्हणून जीएल-4 प्रतीच्या गिअर ऑइलच्या जागी जीएल-5 प्रतीचे ओतण्याचा मोह मला अनाठायी वाटतो, कारण त्यातील गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्यांमुळे पितळेची कडी खराब होऊ शकते.

क्लच स्लिप होणे हा क्लच पूर्ण न सुटण्याच्या उलट दोष: वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचे फेरे चढतात, गाडी मात्र वेग घेत नाही. त्याने गिअर अडत नाही.

या सगळ्याच्या आधी पेडलखाली हात घालून पाहावा. जाड मॅट सरकून तिथे गोळा झाली असेल, तर पेडल तळापर्यंत जात नाही आणि ती एखाद-दीड मिलिमीटरची फट तिथेच हरवते.