रेंजवर एक, कमरेला एक: अमेरिकेतल्या पिस्तुलाचा शंभर वर्षांचा प्रवास

अमेरिकेत पहिले पिस्तूल घ्यायला निघालेल्या माणसाची मागणी बहुधा ठरलेली असते. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, सरावाला चालेल आणि शर्टाखाली कमरेलाही लावता येईल, असे एकच सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारे) पिस्तूल दाखवा. मागणी साधी वाटते, पण ही दोन कामे पिस्तुलाला उलट दिशांना ओढतात. रेंजवर वजन उपयोगी पडते, कारण जड पिस्तूल धक्का पचवते. लांब नळीवर पुढची आणि मागची साइट (नेम धरायच्या खुणा) एकमेकींपासून दूर असतात, त्यामुळे नेम जरा जरी हलला तरी लगेच दिसतो. कमरेला मात्र हलके, चपटे आणि आखूड मुठीचे पिस्तूल हवे. शर्टावर फुगवटा येतो तो मुठीचा, नळीचा नव्हे; ही गोष्ट नवख्याला विकत घेतल्यावरच कळते. एकाच शस्त्राकडून या दोन्ही अपेक्षा कशा केल्या जाऊ लागल्या, हे पाहताना कारखान्यांइतकेच कायद्यांकडेही पाहावे लागते.

१९११ हे वर्ष त्यासाठी सोयीचे आहे. मार्चमध्ये अमेरिकी लष्कराने शस्त्र-रचनाकार जॉन ब्राउनिंगचे .४५ कॅलिबरचे, म्हणजे सुमारे ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचे, पिस्तूल स्वीकारले, तेच पुढे ‘नाइन्टीन इलेव्हन’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात सुलिव्हन कायदा आला आणि लपवता येण्याजोगे शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा झाला. शस्त्र लपवून बाळगण्याकडे अमेरिकेत त्याआधीही संशयानेच पाहिले जाई. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी तर १८१३ मध्येच त्यावर बंदी घातली होती. उघडपणे कमरेला लावलेले शस्त्र चालून जाई. कोटाच्या आत दडवणारा माणूस मात्र वाईट हेतूचा मानला जाई. आज हा समज जवळजवळ उलटा झाला आहे.

ब्राउनिंगच्या कामाजवळ थोडे थांबायला हवे, कारण आज दुकानात दिसणारी बहुतेक नऊ एमएम (गोळीचा व्यास नऊ मिलिमीटर) पिस्तुले त्याच्याच कल्पनेवर चालतात. चाप ओढला की नळी आणि वरची स्लाइड एकमेकींत अडकलेल्या अवस्थेत किंचित मागे सरकतात. गोळी तोवर नळीबाहेर पडलेली असते आणि दाब उतरलेला असतो. मग नळीचे मागचे टोक खाली झुकते, स्लाइड सुटते आणि एकटीच मागे जाते. रिकामी पुंगळी बाजूला उडते, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाता जाता ती मॅगझिनमधले, म्हणजे मुठीतल्या गोळ्यांच्या पेटीतले, पुढचे काडतूस नळीत बसवते. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. डोळा लवायच्या आत हे सगळे उरकते. ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला. त्याने सुरू केलेले नऊ एमएमचे पिस्तूल द्यूदोने सैव्ह याने पूर्ण केले आणि ते १९३५ मध्ये ‘हाय-पॉवर’ या नावाने बाजारात आले. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या मावत. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होणारे आणि आपल्याकडच्या सैनिकांच्या व पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षे दिसणारे ‘९ एमएम १ए’ हे त्याचेच भावंड.

असे असूनही अमेरिकी पोलीस १९८० च्या दशकापर्यंत बहुतांशी रिव्हॉल्व्हरच वापरत होते. रेंजवरचा रिवाजही जुनाच होता. एका हाताने, ताठ उभे राहून, कागदावरच्या काळ्या गोलावर सावकाश गोळ्या झाडायच्या. कॅलिफोर्नियात १९५० च्या दशकात जेफ कूपर आणि त्याच्या सोबत्यांनी भरवलेल्या स्पर्धांमध्ये हे बदलले. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, झटकन पिस्तूल काढून वेळेविरुद्ध नेमबाजी सुरू झाली. जॅक वीव्हर या शेरीफच्या (स्थानिक पोलीसप्रमुखाच्या) खात्यातल्या माणसाने दोन्ही हातांनी पिस्तूल धरून, साइटमधून नीट बघून इतरांना हरवले. या चळवळीतून १९७६ मध्ये मिसुरी राज्यात कोलंबिया इथे आयपीएससी ही अशा नेमबाजी स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे या स्पर्धांतली पिस्तुले शर्यतीच्या गाड्यांसारखी खास बनावटीची झाली. रोज कमरेला लावता येईल अशा पिस्तुलानेच, तेही जॅकेटखालून काढून स्पर्धा व्हावी म्हणून १९९६ मध्ये आयडीपीए ही वेगळी संघटना निघाली. रेंज आणि कंबर यांची खरी गाठ इथे पडली, असे मला वाटते.

त्याआधी दोन मोठे धक्के बसले होते. पहिला ऑस्ट्रियातून आला. तोवर एकही बंदूक न बनवलेल्या गास्टन ग्लॉक याचे प्लास्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल तिथल्या लष्कराने १९८२ च्या सुमारास स्वीकारले. १७ गोळ्या, बाहेर घोडा (हॅमर) नाही, अंगठ्याने सरकवायचा सेफ्टीचा खटका नाही. दुसरा धक्का ११ एप्रिल १९८६ चा. मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन जवान मारले गेले आणि पाच जखमी झाले. रिव्हॉल्व्हरचे दिवस संपले ते तिथेच. पोलीस खाती सेमी-ऑटोमॅटिककडे वळली. १९९० मध्ये .४० कॅलिबर आले, वीस-पंचवीस वर्षे गाजले, आणि गोळ्यांची बनावट सुधारल्यावर एफबीआय पुन्हा नऊ एमएमवर आली. कॅलिबरचे वाद आजही रंगतात, पण सराव आणि कॅरी (सोबत बाळगणे) या दोन्हींसाठी नऊ एमएम घ्यावे, हा सल्ला मला आता निर्विवाद वाटतो. काडतूस स्वस्त असेल तरच सराव होतो.

लपवण्याजोगी पिस्तुले मात्र कायद्यांनी घडवली. फ्लोरिडाने १९८७ मध्ये अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना नाकारता येणार नाही असा कायदा केला आणि एकेक राज्य त्या वाटेने गेले. पाठोपाठ सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्रीय कायद्याने नागरिकांसाठी १० पेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन बंद केली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर मोठी मूठ कशाला, असा हिशेब कारखान्यांनी केला आणि १९९५ मध्ये बोटभर मुठीचे ग्लॉक २६ आले. ती बंदी २००४ मध्ये संपली, लहान पिस्तुलांची गोडी मात्र टिकली. २००८ च्या रुगर एलसीपीचे रिकामे वजन पाव किलोच्या आसपास होते. खिशात ते जाणवत नाही, हातात मात्र ते फार झोंबते आणि रेंजवर पन्नास गोळ्यांनंतर नको होते. २०१८ मध्ये सिग सॉअरने पी३६५ काढले. साधारण इंचभर जाडी, अर्ध्या किलोच्या आसपास वजन आणि तरी मॅगझिनमध्ये १० गोळ्या. इतर कंपन्याही लगोलग त्याच मापावर आल्या.

मधला पर्याय १९८८ पासून बाजारात आहे: सुमारे १०२ मिलिमीटर नळीचे, १५ गोळ्यांचे ग्लॉक १९ आणि त्या मापाची इतर पिस्तुले. ती रेंजवर दमवत नाहीत आणि थोड्या सैल कपड्यांत लपतातही. एकच पिस्तूल घ्यायचे असेल तर मी या मापाच्या बाजूने आहे. अमेरिकेत पुष्कळ रेंजवर पिस्तूल भाड्याने मिळते. काउंटरवर हातात धरून ठरवण्यापेक्षा दोन मापांच्या पिस्तुलांनी तासभर गोळ्या झाडून पाहाव्यात. मूठ पूर्ण हातात येते का, करंगळी हवेत राहते का, स्लाइड न झगडता मागे ओढता येते का, हे तिथेच कळते. सेफ्टीचा खटका नसलेले पिस्तूल कमरेला लावायचे तर चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर लागतेच, आणि घरात मुले असतील तर कुलूपबंद पेटी पिस्तुलाबरोबरच घ्यायची. या दोन गोष्टींवर पैसे वाचवणाऱ्याला मी पिस्तूल घेऊच नये म्हणेन.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची जुनी अट मोडीत काढली. त्यामुळे बाहेर शस्त्र बाळगण्यासाठी तिथल्या नागरिकाला आता खास कारण सिद्ध करावे लागत नाही. निम्म्याहून अधिक राज्यांत परवानाच लागत नाही. फ्लोरिडात १९८७ च्या परवान्यासाठी शस्त्र चालवता येत असल्याचा पुरावा द्यावा लागे. १ जुलै २०२३ पासून तिथे परवान्याशिवायही पिस्तूल लपवून बाळगता येते आणि तसे बाळगणाऱ्याने आधी एकदा तरी रेंजवर जावे, अशी अट नाही. शिकायला सगळ्यात अवघड असलेली छोटी पिस्तुले याच वर्षांत सगळ्यात जास्त आवडू लागली आहेत.