ईएचसी प्लॅनचे अपील: फोनवरच्या प्राथमिक सुनावणीची तयारी

इंग्लंडमध्ये मुलाच्या ईएचसी प्लॅनवरून (विशेष गरजा असलेल्या मुलाला शिक्षण, आरोग्य आणि देखभालीत कोणती मदत मिळेल ते लिहिलेला काउन्सिलचा दस्तऐवज) काउन्सिलविरुद्ध अपील केले की अंतिम सुनावणीआधी कधी कधी न्यायाधिकरणाची (अशी अपिले ऐकणाऱ्या ट्रायब्युनलची) नोटीस येते: अमुक दिवशी, अमुक वाजता फोनवर सुनावणी. ती प्रत्येक अपिलात होत नाही. जो मुद्दा नुसत्या कागदांवर सुटत नाही, त्यासाठी जज ती लावतात.

मुलाला काय मिळावे हे त्या फोनवर ठरत नाही. कोणता पुरावा कोणी कधी द्यायचा, साक्षीदार कोण, सुनावणीला किती वेळ लागेल, एवढेच ठरते. बरेच पालक इथे मुलाची सगळी हकीकत सांगायला घेतात आणि मिळालेली वेळ त्यातच जाते. जजना हवे असते ते वेगळेच: तुम्हाला कोणता आदेश हवा, का हवा आणि कोणत्या तारखेपर्यंत.

आधी अपिलाचा पाया तपासा. ज्या शैक्षणिक वर्षात मूल 16 वर्षांचे होते, त्या वर्षीच्या जूनमधल्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत अपील पालकांचे असते. त्यानंतर तो हक्क त्या तरुणाचा स्वतःचा. मुदत काउन्सिलच्या निर्णयपत्राच्या तारखेपासून 2 महिने किंवा मध्यस्थी प्रमाणपत्रापासून (मध्यस्थीचा विचार केला किंवा ती झाली, याचा दाखला) 1 महिना, यातली जी नंतर संपेल ती. वाद फक्त सेक्शन आय म्हणजे शाळेपुरता असेल तर हे प्रमाणपत्र लागत नाही. अपिलाला फी नाही.

फोनवर हाताशी ठेवायचे कागद: निर्णयपत्र, अपिलाचा फॉर्म, काउन्सिलचे उत्तर, नोंदणीनंतर आलेला तारखांचा आदेश, तोवरचे सगळे अहवाल आणि वर्किंग डॉक्युमेंट (ते काय, ते खाली). बंडल (सुनावणीच्या सगळ्या कागदांचा पान क्रमांक घातलेला संच) तयार झाले असेल तर त्यातलेच पान क्रमांक वापरा. ‘सायकॉलॉजिस्टच्या अहवालात कुठेतरी आहे’ म्हटले की जज आणि काउन्सिल दोघेही पाने चाळत बसतात.

खरा वेळ वर्किंग डॉक्युमेंटवर घालवा. हा प्लॅनचाच मसुदा, पण कोणाला काय बदलायचे आहे ते अक्षरांच्या ठेवणीवरून कळते: साधा मजकूर मूळ प्लॅनचा, अधोरेखित म्हणजे दोघांना मान्य, ठळक म्हणजे पालकांची मागणी, तिरपा म्हणजे काउन्सिलची. गाळायच्या मजकुरावर त्याच पद्धतीने आडवी रेघ. समजा सेक्शन एफमध्ये, म्हणजे मुलाला शिक्षणात मिळायच्या मदतीच्या भागात, लिहिले आहे, ‘गरजेनुसार स्पीच थेरपीची संधी’. याला काही अर्थ नाही. काउन्सिलने काहीच दिले नाही तरी हे वाक्य पाळल्यासारखे होते. ते खोडून ठळक अक्षरात लिहा: ‘स्पीच थेरपिस्टकडून आठवड्यातून एकदा 45 मिनिटे, एकट्याला’. हा आकडा अहवालातून आलेला हवा. अहवालात नसेल तर थेरपिस्टला तो आत्ताच लेखी मागा. फोनवर जज विचारतील, किती मुद्दे उरले? सेक्शन बी (मुलाच्या गरजा), एफ आणि आय अशी वेगवेगळी मोजणी तयार ठेवा.

मग एका पानावर मागण्या काढा, चार-पाचच. उदाहरणार्थ: स्वतंत्र सायकॉलॉजिस्टचा अहवाल अमुक तारखेला येईल, तेवढी मुदत हवी, काउन्सिलने ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) अहवाल दिलेला नाही, तो द्यावा. अहवालाची तारीख त्या तज्ज्ञाकडून ईमेलवर घेऊन ठेवा. ‘लवकरच येईल’ या उत्तरावर मुदत मिळवणे अवघड. हवी ती शाळा खाजगी असेल तर जागा देत असल्याचे पत्र आणि वार्षिक फी आताच मागवा. काउन्सिल आपल्या तज्ज्ञाकडून मुलाची तपासणी मागू शकते आणि न्यायाधिकरण तसा आदेश देऊ शकते. तो पाळला नाही तर त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो. म्हणून नकारापेक्षा तपासणी कुठे, कोणत्या वेळी आणि मुलाला कोणत्या गोष्टींचा त्रास होतो यावर बोला.

मागण्या फोनपर्यंत राखून ठेवू नका. बदलाच्या विनंतीचा फॉर्म सेंड 7 भरा. त्यात काउन्सिलचे मत विचारले होते का, ते लिहावे लागते. आधी काउन्सिलला ईमेल, मग फॉर्म, आणि त्याची प्रत काउन्सिललाही. दोघे सहमत असलात तरी मंजुरी न्यायाधिकरणाचीच लागते.

इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर दुभाषी मागा. तो मोफत मिळतो. फॉर्मवर मराठी लिहायचे राहिले असेल तर लगेच कळवा. नात्यातल्या कुणाला ऐनवेळी बसवून चालेल असे धरून चालू नका.

फोन कसा जोडायचा ते नोटिशीत असते. तो न्यायाधिकरणाकडून येणार असेल तर अनोळखी नंबर अडवणारी सेटिंग बंद करा. लपवलेल्या नंबरवरून आलेला फोन असाच हुकतो. स्पीकरवर नको, गाडीत तर नकोच. जजना ‘जज’ म्हटले तरी चालते. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करणे गुन्हा आहे, तेव्हा वही घेऊन बसा आणि प्रत्येक आदेशाची तारीख लगेच लिहा. ऐकू आले नाही तर तिथेच परत विचारा.

लेखी आदेश आला की वहीशी ताडून पाहा. चूक दिसली किंवा पाळणे अशक्य असेल तर मुदत उलटण्याआधी पुन्हा सेंड 7. मुदतीचा दिवस संध्याकाळी 5 वाजता संपतो, मध्यरात्री नाही. दिवस मोजताना ऑगस्ट महिना आणि 25 डिसेंबर ते 1 जानेवारी हे दिवस धरत नाहीत. पण आदेशात ठरावीक तारीखच लिहिली असेल तर ही सूट लागू नाही, 14 ऑगस्ट म्हणजे 14 ऑगस्टच.