८८ क्रमांकावर थांबलेलं गाणं

अमेरिकी गायिका टीना टर्नरने १९६६ साली ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ गायलं. निर्माता फिल स्पेक्टरने लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत या एका गाण्यावर २०,००० डॉलरहून अधिक खर्च केला. वाद्यांची भिंत उभी केली आणि ती फोडून बाहेर येणारा टीनाचा आवाज. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या संगीत-साप्ताहिकाच्या यादीत हे गाणं ८८ क्रमांकावर थांबलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ते ३ क्रमांकावर पोचलं. आवाज तोच, तबकडी तीच, आणि दोन देशांत ८५ पायऱ्यांचा फरक.

नागपुरात धरमपेठेत आमची महिन्यातून एकदा श्रवणबैठक असते. रेडिओ सिलोनवर वाढलेले काका असतात, कॉलेजातली पोरं असतात. मागच्या वेळी विषय होता, ‘जे गाणं वर जायला हवं होतं’. मी टीना टर्नर नेली होती. वाद रात्री उशिरापर्यंत चालला, पण सारखा एकाच जागी अडकत होता. क्रमांक म्हणजे लोकांची आवड, असं सगळे धरून चालले होते. क्रमांक नेमका कशाचा, कोण मोजायचं, कुठे मोजायचं, हे कुणी विचारत नव्हतं. ते कळल्याशिवाय या वादात पुढे सरकता येत नाही. म्हणून ही पार्श्वभूमी.

दर आठवड्याला गाण्यांना नंबर देण्याची प्रथा ब्रिटनमध्ये १४ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झाली. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाचे पर्सी डिकिन्स सुमारे २० रेकॉर्डविक्रेत्यांना फोन करायचे, या आठवड्यात काय खपलं ते विचारायचे आणि उत्तरांची बेरीज मांडायचे. यादीत जागा १२. एवढ्या भांडवलावर एका देशाचं लाडकं गाणं ठरलं. त्यानंतर बरोबर १९ दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या आवाजात बिनाका गीतमाला सुरू झाली.

हा कार्यक्रम कोलंबोहून व्हावा लागला त्याचं कारण दिल्लीत होतं, आणि ते कारण एक मराठी माणूस होता. त्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीत टिकावं या तळमळीने त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना जवळजवळ बाहेरचा रस्ता दाखवला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ पासून चालू होतं. म्हणजे सिव्हिल लाइन्समध्ये आपलं स्वतःचं केंद्र असूनही इथला माणूस चित्रपटातलं गाणं ऐकायला शॉर्टवेव्हचा काटा फिरवून, खरखरीतून वाट काढत श्रीलंकेपर्यंत जायचा. आमच्या बैठकीतल्या काकांना आजही बुधवार म्हटलं की रात्रीचे आठ आठवतात.

गीतमाला सुरुवातीला क्रमवारी नव्हती, ती स्पर्धा होती. वाजलेली गाणी श्रोत्यांनी क्रमाने लावून पाठवायची. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली आणि पुढे ती आठवड्याला ६५,००० वर गेली, असं सांगतात. एवढी पत्रं वाचणार कोण? मग लोकप्रियतेची यादी आली, पायदानं आली आणि वर्षाच्या शेवटी सरताज गीत, म्हणजे त्या वर्षाचं पहिल्या क्रमांकाचं गाणं, आलं. मोजमाप दोन गोष्टींवर होतं: रेकॉर्डची विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची पसंती. झुमरीतलैया आणि भाटापारा ही दोन नावं त्यातूनच घराघरांत पोचली. भाटापारा आज आपल्याला लांबचं वाटतं, पण ते हावडा–नागपूर लोहमार्गावरचं गाव आहे आणि १९५६ पर्यंत ते ज्या राज्यात होतं त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. गीतमालेची पहिली चार वर्षं भाटापाऱ्याचे श्रोते आणि नागपुरातल्या बर्डीवरचे श्रोते एकाच राज्याचे होते.

या दुहेरी मोजणीचा परिणाम काय व्हायचा? रेकॉर्ड विकत घेणारं घर म्हणजे ग्रामोफोन असणारं घर, आणि ते गल्लीत एखादंच. पत्र लिहायला मात्र पोस्टकार्ड पुरायचं. म्हणून माझ्या मते गीतमाला ब्रिटिश यादीपेक्षा सामान्य श्रोत्याच्या जास्त जवळ होती. तरीही वरचा क्रमांक गाण्याच्या गुणाइतकाच त्या वर्षाच्या हवेवर ठरत असे. १९७५ चं सरताज गीत होतं ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईचं गाणं. ज्या काळात किराणा दुकानाच्या रांगेत माणूस रडकुंडीला येत होता, त्या काळात ते गाणं सगळ्यात वर असणं मला समजतं. पण त्याच वर्षी ‘आँधी’ आला होता. राहुल देव बर्मनची चाल, गुलजारांचे शब्द, लता आणि किशोरचं ‘तेरे बिना जिंदगी से’. आणीबाणीत त्या चित्रपटाच्या प्रदर्शनावर बंदी आली. जे चित्र थिएटरातून उतरवलं जातं, त्याच्या गाण्याची निम्मी जाहिरात तिथेच संपते. आज आमच्या बैठकीत महागाईचं गाणं कुणी मागत नाही. ‘तेरे बिना’ दर दोन महिन्यांनी कुणीतरी लावतंच.

१९६० चं उदाहरण असं सोपं नाही. ‘मुघल-ए-आझम’ त्याच वर्षी आला, आणि सरताज ठरलं ‘बरसात की रात’मधलं ‘जिंदगी भर नहीं भूलेगी’. यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. रोशनच्या त्या चालीपुढे नौशादांच्या चाहत्यानेही मान लववावी.

पुढे आकाशवाणीने आपली चूक सुधारली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ ला तिच्यावर जाहिराती आल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या तीनच ठिकाणी. गाणं, जाहिरात, पुन्हा गाणं ही सांगड भारतीय आकाशवाणीवर पहिल्यांदा ज्यांनी ऐकली, त्यांत आपलं शहर होतं. गीतमाला स्वतः विविध भारतीवर यायला मात्र १९८९ उजाडलं.

आता पुन्हा अमेरिकेकडे, कारण ‘वर जायला हवं होतं’ या तक्रारीचं सगळ्यात मोठं भांडार तिथे आहे. बिलबोर्डची १०० गाण्यांची यादी ४ ऑगस्ट १९५८ पासूनची. तिच्यात विक्रीबरोबर रेडिओवर किती वेळा वाजलं हेही धरतात. टीनाचं गाणं इथेच अडलं. काळ्यांच्या स्टेशनांना ते फार पॉप वाटलं आणि गोऱ्यांच्या स्टेशनांना फार काळं, असं टीनाचा तेव्हाचा नवरा आइक टर्नर पुढे सांगत असे. स्पेक्टर या अपयशाने इतका खचला की त्याने जवळजवळ दोन वर्षं स्टुडिओकडे पाठ फिरवली. ब्रिटनमध्ये रेडिओचे असे वर्णावर पडलेले कप्पे नव्हते.

त्याच १९६६ मध्ये बीच बॉइज या अमेरिकी बँडचं ‘गॉड ओन्ली नोज’ आलं. अमेरिकेत ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलं. शीर्षकातच देवाचं नाव असलेलं गाणं स्टेशनं वाजवतील का, ही धास्ती होती. तिथे ते ३९ वर थांबलं. ब्रिटनमध्ये तेच पहिल्या बाजूला होतं आणि २ क्रमांकावर गेलं. तबकडी उलटी ठेवली तर केवढा फरक पडतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि मेम्फिसचा बिग स्टार. या गटाने १९७२ साली आपल्या पहिल्या अल्बमचं नावच ‘नंबर वन रेकॉर्ड’ ठेवलं. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण वितरणाची घडी विस्कटली आणि रेकॉर्ड दुकानांत पोचलीच नाही. त्यांचं ‘सप्टेंबर गर्ल्स’ माझ्या हिशेबी त्या दशकातल्या सर्वांत सुंदर पॉप गाण्यांपैकी एक. ते कुठल्याच क्रमांकावर आलं नाही. श्रोता दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परततो तेव्हा त्याची आवड कुठल्याही यादीत नोंदली जात नाही.

हे आम्हा नागपूरकरांना कुणी वेगळं सांगायला नको. शाळेत असताना मी बर्डीवरच्या एका दुकानात कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली गाण्यांची यादी देऊन यायचो. चार दिवसांनी भरलेली कॅसेट मिळायची. एका बाजूला किशोर, दुसऱ्या बाजूला क्वीन. शहरात रोज अशा किती कॅसेट भरल्या जायच्या! त्यातल्या एकाही गाण्याची विक्री कुठल्या कंपनीच्या वहीत चढली नाही. आम्ही जीव टाकून ऐकलेलं ते सगळं ऐकणं मोजणीच्या बाहेर राहिलं.

क्वीन या ब्रिटिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी तर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेचा विद्यार्थी. पहिला बँड त्याने तिथेच, शाळेतल्या मित्रांबरोबर काढला. त्याचं ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ १९७९ साली ब्रिटनमध्ये ९ वर आणि अमेरिकेत ८६ वर थांबलं. आज क्वीनचं एखादं गाणं गुणगुण म्हटलं तर बैठकीतली पोरं हमखास हेच गुणगुणतात.

कधी कधी मोजणीत काहीच खोट नसते, समोर फक्त दुसरं कुणीतरी उभं असतं. १९६७ साली बीटल्सची ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही दुहेरी तबकडी ब्रिटनमध्ये २ वर अडली. वर होता मद्रासमध्ये जन्मलेला एंगलबर्ट हम्परडिंक, ‘रिलीज मी’ घेऊन. १९८१ मध्ये अल्ट्रावॉक्सचं ‘व्हिएन्ना’ चार आठवडे २ वर होतं. त्यातले तीन आठवडे वर होतं जो डोल्चेचं ‘शडप यू फेस’, एक थट्टेचं गाणं. ब्रिटिश श्रोत्यांच्या मनातून ही सल गेली नाही. २०१३ मध्ये तिथे कौल घेऊन ‘व्हिएन्ना’ला मानाचा पहिला क्रमांक देण्यात आला.

पण सगळ्यात उघड अन्याय नियमांनी केला. नव्वदच्या दशकात अमेरिकी कंपन्यांना एक युक्ती सापडली: गाजणारं गाणं सुटं विकायचंच नाही, म्हणजे ते हवं असणाऱ्याला अख्खा अल्बम घ्यावा लागेल. बिलबोर्डचा नियम असा की सुटी विक्री नसलेलं गाणं मुख्य यादीत घ्यायचं नाही. म्हणून नो डाउटचं ‘डोन्ट स्पीक’ रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं राहिलं आणि मुख्य यादीत त्याचं नावच नाही. नताली इम्ब्रुलियाचं ‘टॉर्न’ रेडिओवर ११ आठवडे पहिलं होतं. डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला तेव्हा गाण्याचा भर ओसरला होता. कागदावर त्याचा क्रमांक उरला ४२. आकडे पाहून कुणी म्हणेल, हे मध्यम चाललेलं गाणं. त्या वर्षी ज्याने रेडिओ लावला त्याला विचारा.

उलटही घडतं. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये ३ पर्यंत आणि अमेरिकेत ३० पर्यंत गेलं होतं. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत वाजलं आणि ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिलं आलं. तिथेही नियम आडवा होता. स्ट्रीमिंगच्या मोजणीत जुन्या गाण्याचं ऐकणं कमी भावाने धरतात. या गाण्याला त्यातून सूट मिळाली, तेव्हा कुठे ते शिखरावर गेलं. व्हॅमचं ‘लास्ट ख्रिसमस’ १९८४ मध्ये २ वर थांबलं होतं. ते पहिलं आलं १ जानेवारी २०२१ ला. ते लिहिणारा आणि गाणारा जॉर्ज मायकेल २०१६ च्या नाताळच्या दिवशीच गेला होता.

बैठक संपत आली तेव्हा एका मुलीने ग्रेसांचं ‘भय इथले संपत नाही’ लावलं. हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज, आणि कवी आपल्याच गावचा. गाणं संपल्यावर तिने विचारलं, “काका, हे कितव्या नंबरवर होतं?”

काकांनी मान हलवली. भावगीतांना गीतमालेसारखी, सगळा महाराष्ट्र थांबून ऐकेल अशी क्रमवारी त्यांच्या भरात कधी मिळालीच नाही. सुरेश भटांचं ‘मालवून टाक दीप’ की ‘तरुण आहे रात्र अजुनी’, यातलं वरचं कोणतं हे कुणी कधी मोजलं नाही. नागपुरात जन्मलेल्या राजा बढ्यांचं ‘चांदणे शिंपीत जाशी’ कुठल्या पायदानावर असतं, हेही नाही. आपल्याकडे होती ती आकाशवाणीवरची ‘आपली आवड’. तिथे नंबर नव्हते. निवेदिका पत्रं पाठवणाऱ्यांची नावं वाचायची, त्यांच्या गावांसकट. काटोल, उमरेड, भंडारा, वर्धा. कधी कधी नावंच इतकी असायची की वाटायचं, आता गाण्याला वेळ उरतो की नाही. मग गाणं लागायचं.